शिवणाऱ्याचें नांव झालें, विणणाऱ्याचें काय ?

शिंप्यानें अंगरखा चांगला शिवला म्हणजे लोक शिंप्याची तारीफ करतात, व ती रास्तच आहे. परंतु कापूस कोणीं पिकविला, सूत कोणीं कातलें, व मागावर बसून कापड कोणीं विणलें, हें विचारणारा शंभरांत एकादाच निघतो. कापडाच्या बाबतींत जें घडतें तेंच गाण्याच्या बाबतींतही घडतें. आणि तें कसें घडतें हें दाखविण्यासाठीं आज आम्ही वाचकांस युरोपखंडांतील एका संगीतप्रकाराची हकीकत सांगणार आहों. या प्रकारास 'रॅप्सडी' असें म्हणतात. नांव परकें आहे म्हणून कोणी बिचकूं नये. आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींचा या हकीकतीशीं किती जवळचा संबंध आहे, हें ती वाचून संपण्यापूर्वींच त्यांच्या ध्यानांत येईल.

रॅप्सडी हा शब्द मूळचा ग्रीक. 'शिवणें' आणि 'गाणें' अशा अर्थाचे दोन शब्द जोडून तो झाला आहे. गांवोगांव फिरून होमर कवीचीं जुनीं आख्यानें जो म्हणून दाखवी, त्यास ग्रीक लोक गाणीं शिवणारा म्हणत. आमच्याकडील गोंधळी जसा प्रसंगास प्रसंग जोडून रात्र काढतो, तसाच तो. पुढें एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मोठमोठ्या संगीतकारांनीं हा शब्द उचलला. आणि लोकांत चालू असलेल्या निरनिराळ्या चाली एकापुढें एक जोडून, मध्यें आपली कारागिरी घालून, जी लांब रचना ते करूं लागले तिला हें नांव दिलें. तिला ठरीव चौकट नसते. आरंभीं संथ, मग चढत चढत शेवटीं धांवपळ, असा तिचा साधारण डौल. थोडक्यांत सांगावयाचें तर ही गोधडीच होय; चिंध्या गरिबांच्या घरच्या, आणि टांके उस्तादाचे.

या प्रकारांत सर्वांत गाजला तो फ्रांझ लिस्ट. हा १८११ सालीं त्या वेळच्या हंगेरी देशांतील राइडिंग या खेड्यांत जन्मला; तें खेडें आज ऑस्ट्रियांत आहे. बाप एस्टरहाझी नांवाच्या बड्या जमीनदाराच्या पदरीं नोकर. मुलगा पियानोवर असा कांहीं तयार झाला कीं, लहानपणींच त्याला घेऊन बाप व्हिएन्नास व तेथून पॅरिसला गेला. आणि मोठेपणीं साऱ्या युरोपांत त्याच्या नांवाचा डंका वाजला. हंगेरियन भाषा त्याला धड बोलतां येत नसे, पण मायभूमीची ओढ मात्र होती. १८३८ सालीं पेस्ट शहर डॅन्यूब नदीच्या महापुरांत सांपडलें, तेव्हां त्यानें व्हिएन्नांत जलसे करून पूरग्रस्तांस पैसा पाठविला. पुढें तो हंगेरींत आला, तेथील चाली त्यानें जमविल्या, व त्यांवरून 'हंगेरियन रॅप्सडी' या नांवानें एकूण १९ रचना केल्या. पैकीं पहिल्या पंधरा १८५१ ते १८५३ या सालांत छापून निघाल्या, व शेवटच्या चार त्याच्या म्हातारपणीं. यांतील दुसरी रॅप्सडी आमच्या वाचकांच्या मुलांनीं सुद्धां ऐकली असेल. 'टॉम अँड जेरी' या मांजर-उंदराच्या मालिकेंत १९४७ सालचें एक चित्र आहे. त्यांत बोका काळा कोट चढवून पियानोस बसतो, आणि पियानोच्या पोटांत झोंपलेला उंदीर त्याची तारांबळ उडवितो. बोका जें वाजवितो तीच ही दुसरी रॅप्सडी.

आतां प्रश्न असा कीं, हें कापड कोणाच्या मागावरचें? लिस्टनें ह्या चाली ऐकल्या त्या बहुतेक जिप्सी वाजंत्र्यांकडून. जग ज्यांस जिप्सी म्हणतें ते स्वतःस रोमा म्हणवितात. त्यांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले. ही दंतकथा नव्हे. त्यांची भाषाच त्याची साक्ष देते. पाण्यास ते 'पानी' म्हणतात, कानास 'कान', नाकास 'नाख', दहास 'देश' आणि विसास 'बिश'. लोहारकाम, घोड्यांची खरेदीविक्री, आणि लग्नांत व जत्रेंत वाद्यें वाजविणें हे तिकडे त्यांचे धंदे. वस्ती गांवाच्या कडेला, अंगावर सदा संशयाची नजर, आणि कार्याच्या दिवशीं मात्र त्यांच्यावांचून पान हालावयाचें नाहीं! ही स्थिति काय असते हें आमच्या वाचकांस उकलून सांगण्याची गरज नाहीं. हलगी आणि सनई वाजविणाऱ्यांस आमच्या गांवांनीं कोठें बसविलें होतें तें त्यांस ठाऊक आहे. हंगेरीशेजारच्या वालाकिया व मोल्डेव्हिया या प्रांतांत, जे आतां मुख्यतः रुमानियांत मोडतात, रोमा लोक १८५५-५६ पर्यंत कायद्यानें गुलाम होते. सरदारांच्या व मठांच्या मालकीचे. फिडल वाजवून जो धन्याची रात्र रंगवी, त्याला धनी सकाळीं विकूं शकत असे. १९०१ सालीं जॉर्जे एनेस्कु यानें जी पहिली 'रुमानियन रॅप्सडी' रचिली, आणि जिच्यामुळें तो जगांत प्रसिद्धीस आला, तिच्यांतील चाली अशाच फिडलवाल्यांच्या परंपरेनें जपलेल्या आहेत.

रोमा वाजंत्री ज्या चाली वाजवीत त्यांत 'व्हेर्बुंकोश' नांवाचा नाच मुख्य होता. या नाचाची उत्पत्ति ऐकण्यासारखी आहे. शब्द मूळ जर्मन, आणि अर्थ फौजेची भरती. अठराव्या शतकांत ऑस्ट्रियाच्या बादशहास शिपाई पाहिजे असत. घोडेस्वारांची टोळी खेड्यांत येई, बरोबर वाजंत्री असत. चौकांत नाच सुरू होई, दारूचे पेले फिरत, आणि आरंभीं संथ व पुढें जलद होत जाणाऱ्या त्या तालावर कुणब्यांचीं पोरें भान विसरून नाचूं लागत. नाच संपे तों पोरगा शिपाई झालेला असे! १८४९ सालीं सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हां ही युक्ति बंद पडली. पण नाच राहिला; आणि संथ व जलद अशा त्याच्या दोन भागांवरच लिस्टच्या बहुतेक रॅप्सडी उभ्या आहेत. म्हणजे दिवाणखान्यांत बसून ज्या संगीतावर बड्या लोकांनीं माना डोलविल्या, तें एका काळीं शेतकऱ्याच्या मुलाला आईपासून तोडण्याचें साधन होतें. सूर गोड आहेत ही गोष्ट खरी. पण तेवढ्यानें त्यांचा इतिहास गोड होत नाहीं.

या नाचाचा सर्वांत नामांकित वाजविणारा यानोश बिहारी. हें आडनांव तिकडील एका परगण्याच्या नांवावरून आलेलें आहे, आमच्या बिहार प्रांतावरून नव्हे. तो १७६४ सालीं रोमा घराण्यांत जन्मला. स्वर कागदावर लिहिण्याची विद्या त्याला नव्हती. चाली त्यानें बसविल्या, आणि लिहून घेतल्या दुसऱ्यांनीं. राजेरजवाड्यांपुढें त्याचें फिडल वाजलें. लिस्टनें लहानपणीं तें ऐकलें, व त्याचा ठसा आपल्या मनावर जन्मभर राहिल्याचें पुढें लिहून ठेविलें. पण अपघातांत बिहारीचा हात दुखावला, वाजविणें पहिल्यासारखें होईना, आणि १८२७ सालीं तो दारिद्र्यांत मेला. ज्याचें पोट हातावर, आणि ज्याच्या कलेचा कागद दुसऱ्याच्या हातीं, त्याची गति कोणत्याही देशांत हीच होते.

लिस्टवर आम्ही चोरीचा आळ घेत नाहीं. तसें करणें अन्यायाचें होईल. तो रोमांच्या तळावर जाऊन बसला, त्यांच्या वाजविण्यावर त्यानें मनापासून प्रेम केलें. तारांवर हातोड्या मारून वाजवावयाचें सिंबालम म्हणून त्यांचें वाद्य आहे, जें आमच्या संतुराचें भावंड शोभेल. त्याची नक्कल त्यानें पियानोवर केली, आणि अकराव्या रॅप्सडीच्या आरंभीं 'सिंबालमप्रमाणें' असा शेरा मारून ठेविला. त्यांच्या स्वरांची ठेवण, म्हणजे कोमल गंधारापुढें तीव्र मध्यम व कोमल धैवतापुढें शुद्ध निषाद, ही त्यानें तशीच घेतली. इतकेंच नव्हे, तर १८५९ सालीं पॅरिसमध्यें त्यानें रोमा लोकांच्या संगीतावर एक ग्रंथ छापला, आणि हंगेरीचें संगीत म्हणून जें जग ओळखतें तें मुळांत रोमांचेंच आहे, असें त्यांत प्रतिपादन केलें. यावर हंगेरींत मोठें काहूर माजलें. आमचें राष्ट्रीय संगीत या भटक्या लोकांच्या पदरांत टाकलें, म्हणून तेथील प्रतिष्ठित मंडळी खवळून उठली.

त्याच ग्रंथांत एक हकीकत आहे. एका सरदारानें लिस्टला एक रोमा मुलगा भेट म्हणून आणून दिला. घड्याळ द्यावें, कुत्र्याचें पिलूं द्यावें, तसा मुलगा! लिस्टनें त्याला शिकवून उस्ताद करण्याची खटपट केली, पण पोराचें मन रमेना; शेवटीं तो आपल्या लोकांत परत गेला. या गोष्टीवरून लिस्टनें रोमांच्या स्वभावाची चर्चा केली आहे. आमच्या मतें चर्चा व्हावयास पाहिजे होती ती, ज्या समाजांत माणसाचें मूल भेट देतां येत होतें, त्या समाजाच्या स्वभावाची.

असो. खरी गोष्ट काय होती? ती लिस्टच्या ग्रंथांतही नव्हती, आणि त्याच्यावर खवळणाऱ्यांच्या तोंडींही नव्हती. रॅप्सडींतील पुष्कळशा चाली वाजविल्या रोमांनीं, हें खरें. पण त्यांतील बऱ्याच रचिलेल्या होत्या शहरांतील व जमीनदार घराण्यांतील हौशी लोकांनीं, हें पुढें शोधाअंतीं निघालें. अशीच फजिती जर्मन संगीतकार ब्राम्स याची झाली. १८६९ सालीं त्यानें 'हंगेरियन नाच' प्रसिद्ध केले. त्यांतील पांचवा नाच जगभर वाजतो. ती लोकांची जुनी चाल आहे असें तो समजून चालला. आणि निघाली ती केलेर बेला नांवाच्या हयात संगीतकाराची! सांगावयाचा मुद्दा असा कीं, 'लोकगीत' ही चिठ्ठी एकदां चिकटविली म्हणजे मालक कोण हें पाहण्याची कोणास जरूर वाटत नाहीं.

मग या सर्व भांडणांत हंगेरीचा खरा कुणबी कोठें होता? तो शेतांत होता. १८४८ पर्यंत तर तो जमीनदाराचा वेठबिगार होता. नांगरतांना, कापणी करतांना, पाळणा हालवितांना तोही गात होता, त्याची बायकोही गात होती. पण रॅप्सडी लिहिणाऱ्यानें त्याला विचारलें नाहीं, आणि राष्ट्राच्या नांवानें ओरडणाऱ्यानेंही विचारलें नाहीं. बड्या लोकांनीं आपल्या मेजवानींत जें ऐकलें, त्यालाच 'राष्ट्राचें संगीत' असें नांव देऊन ते मोकळे झाले. दिवाणखान्याची आवड ही साऱ्या देशाची आवड म्हणून मिरविण्याचा हा प्रकार एका हंगेरींतच घडला, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये.

कुणब्याकडे जाण्याची बुद्धि झाली ती १९०४ नंतर. बेला बार्टोक नांवाचा तेवीस वर्षांचा संगीतकार त्या वर्षीं एका खेड्यांत मुक्कामास होता. बाप शेतकी शाळेचा मुख्य. मुलगा शहरांत शिकलेला. त्या सालीं त्यानें पियानोसाठीं एक रॅप्सडी रचिली ती अगदीं लिस्टच्या वळणाची. परंतु त्याच सालीं त्या मुक्कामांत ट्रान्सिल्व्हेनियाकडील लिदि दोशा नांवाची मुलें सांभाळणारी एक तरुण मोलकरीण आपल्याशींच गात असतां त्याच्या कानीं पडली. तिची चाल त्यानें आजवर ऐकलेल्या कोणत्याही 'हंगेरियन' चालीसारखी नव्हती. त्यानें ती लिहून घेतली, आणखी आहेत काय म्हणून विचारलें, आणि त्याचे डोळे उघडले. ज्या देशाचा आपण अभिमान बाळगतों, त्या देशांतील बहुतेक लोक काय गातात हें आपणांस ठाऊकच नाहीं, ही जाणीव त्याला झाली. एका मोलकरणीनें जें शिकविलें तें संगीतशाळेनें शिकविलें नव्हतें!

पुढल्या सालीं त्याची गांठ झोल्टान कोदाय याच्याशीं पडली. हा रेल्वेच्या स्टेशनमास्तराचा मुलगा, खेड्यांत वाढलेला. दोघांनीं एडिसनचा फोनोग्राफ व मेणाच्या नळ्या पाठीवर टाकून खेडीं पालथीं घालण्यास सुरुवात केली. बेला विकार नांवाच्या गृहस्थानें हें काम त्यापूर्वींच आरंभिलें होतें. या दोघांनीं तें शास्त्रशुद्ध केलें. १९०६ सालीं त्यांनीं वीस गाण्यांचें पहिलें पुस्तक काढलें. काम सोपें नव्हतें. शहरी पाहुणा दारांत उभा राहून गाणें म्हण म्हणतो, तेव्हां बाई लाजते, संशय घेते. बार्टोक जुनीं गाणीं मागे, आणि बाया शहरांतून आलेलीं नवीं नाहींतर देवळांतलीं गाणीं सांगत. जुनें म्हणजे फुकटचें, तें साहेबापुढें काय काढावयाचें, अशी त्यांची समजूत! आपल्याच घरच्या वस्तूची लाज वाटावयास लावणें, हा बड्यांच्या वर्चस्वाचा सर्वांत मोठा विजय असतो. तरीही तो चिकाटीनें बसला. आणि प्रत्येक गाण्याबरोबर गाणाऱ्याचें नांव, वय, गांव व तारीख टिपीत गेला. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं विसरूं नये, कारण आमच्या लेखाचें सारें सार तिच्यांतच आहे.

१९०७ सालीं ट्रान्सिल्व्हेनियांतील डोंगराळ मुलुखांत त्याला अति जुन्या चाली सांपडल्या. त्या अवघ्या पांच स्वरांच्या होत्या. आमच्या सारीगमच्या भाषेंत बोलावयाचें तर षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद. म्हणजे आमच्याकडे धानी रागाला जे स्वर लागतात तेच. दिवाणखान्यांतल्या 'हंगेरियन' संगीताशीं त्यांचें कांहींच जुळत नव्हतें. शेतांतलें संगीत वेगळें व मेजवानींतलें वेगळें, हें अशा रीतीनें पुराव्यासह सिद्ध झालें.

पण बार्टोक एवढ्यावर थांबला नाहीं. स्लोव्हाक, रुमानियन, रुथेनियन शेतकऱ्यांचीं गाणींही त्यानें हजारोंनीं जमविलीं. १९१३ सालीं तो अल्जीरियांतील अरबांत गेला, व १९३६ सालीं तुर्कस्तानच्या खेड्यांत. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा मोठा मुलूख रुमानियाकडे गेला. अशा वेळीं रुमानियन शेतकऱ्यांच्या गाण्यांवर लिहिलें म्हणून १९२० सालीं वर्तमानपत्रांतून त्याच्यावर देशाभिमानशून्यतेचा आरोप झाला. गाण्याला शत्रूचें गाणें व मित्राचें गाणें अशी जात लावणाऱ्यांस त्यानें १९४२ सालीं अमेरिकेंतून उत्तर दिलें. शेजारच्या लोकांशीं देवघेव होऊनच शेतकऱ्यांचें संगीत समृद्ध झालें, सोंवळें राखून नव्हे, असें त्यानें आपल्या अनुभवावरून सांगितलें. त्या वेळीं नाझी लोक युरोपांत शुद्ध रक्ताच्या नांवानें कत्तली करीत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सांगण्याचें मोल कळतें.

येथें बार्टोकच्याही मतास थोडी पुरवणी जोडणें आम्हांस अवश्य वाटतें. शहरांतील रोमा वाजंत्र्यांचें संगीत हें बड्या लोकांच्या फर्माइशीचें संगीत, असें त्यानें १९३१ सालीं ठासून लिहिलें, व तें पुष्कळ अंशीं खरें होतें. परंतु ज्याचें पोट फर्माइशीवर आहे, तो फर्माइशीप्रमाणें वाजविणार नाहीं तर काय करील? त्याच रोमांचीं आपल्या भाषेंतलीं, आपल्या झोंपड्यांत म्हणण्याचीं गाणीं निराळीं आहेत. फिडल नाहीं, सिंबालम नाहीं. तोंडानें ताल धरावयाचा, पाण्याच्या घागरीवर बोटें मारावयाचीं, आणि गावयाचें. पुढच्या संशोधकांनीं तींही टिपून घेतलीं. म्हणजे लिस्टच्या हिशेबांत कुणबी सुटला, व कुणब्याच्या हिशेबांत रोमा सुटण्याची भीति होती. दोन गरिबांनीं श्रेयासाठीं एकमेकांशीं भांडावें, आणि दिवाणखान्यानें टाळ्या वाजवाव्या, हें आम्हांस मान्य नाहीं. विणणारा कुणबी, रंगविणारा रोमा, शिवणारा लिस्ट. तिघांचींही नांवें अंगरख्यावर असावीं, एवढेंच आमचें म्हणणें. बार्टोकनेंही १९२८ सालीं फिडलसाठीं पुन्हां दोन रॅप्सडी लिहिल्या. संथ आणि जलद ही जुनीच बांधणी त्यानें ठेविली, पण आंतील चाली खेड्यांतील फिडलवाल्यांच्या घेतल्या. दिवाणखान्याचा सांचा राहिला, आणि आंत माल शेतांतला आला.

नांव जातें तेव्हां नांवाबरोबर आणखीही कांहीं जातें. तें काय, हें पाहण्यासाठीं हंगेरी सोडून इंग्लंडांत चला. १९०५ च्या जानेवारींत राल्फ व्हॉन विल्यम्स हा संगीतकार नॉरफॉक परगण्यांतील किंग्ज लिन या बंदरीं गेला, व तेथील कोळ्यांकडून त्यानें गाणीं लिहून घेतलीं. जेम्स कार्टर नांवाच्या कोळ्यानें त्याला एक गाणें म्हणून दाखविलें. गाणें आहे एका अनाथ पोराचें. गरीबखान्यांतून त्याला जहाजाच्या कप्तानाकडे उमेदवार म्हणून दिलें. कप्तानानें त्याला बांधून असा छळ केला कीं तें पोर मेलें. या चालीवर १९०६ सालीं 'नॉरफॉक रॅप्सडी' तयार झाली. आरंभींच व्हायोला नांवाच्या वाद्यावर ती चाल एकटीच निघते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें समुद्र, धुकें व सपाट किनारा उभा राहतो. रचना सुंदर आहे, आणि संगीतकारानें कार्टरचें नांवही टिपून ठेविलें, हें त्यास भूषणावह आहे. परंतु वाद्यावर शब्द नसतात. सभागृहांतील श्रोत्यास धुकें दिसतें, मार खाणारें पोर दिसत नाहीं. ज्यांचीं मुलें कारखान्यांत, हॉटेलांत, वीटभट्टीवर कामास जातात, त्यांस आम्ही विचारतों, या गाण्यांत महत्त्वाचें काय होतें, धुकें कीं पोर? चाल घेऊन शब्द टाकला कीं गाऱ्हाण्याची करमणूक होते.

अमेरिकेंतही हेंच घडलें. १२ फेब्रुवारी १९२४ रोजीं न्यूयॉर्क शहरांत जॉर्ज गर्श्विन याची 'रॅप्सडी इन ब्लू' प्रथम वाजली. तिच्यांतील लचक आणि ठेका काळ्या लोकांच्या गाण्याबजावण्यांतून आलेला, आणि वाजविणारा पॉल व्हाइटमनचा ताफा सगळा गोऱ्यांचा; व्हाइटमनला लोक जॅझचा राजा म्हणत. गर्श्विनच्या बुद्धीबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु १९२७ सालीं जेम्स जॉन्सन या काळ्या पियानोवाल्यानें जॉर्जिया प्रांतांतील आपल्या लोकांच्या एका वस्तीवर 'यामेक्रॉ' नांवाची रॅप्सडी रचिली, व ती १९२८ सालीं कार्नेगी हॉलमध्यें वाजली, हें किती जणांस ठाऊक आहे? एकाची रॅप्सडी शाळकरी मुलांसही माहीत, व दुसऱ्याची शोधावी लागते.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, उस्तादानें उचलली नसती तर ती चाल मेलीच असती. आम्ही म्हणतों, उचलूं नका असें आमचें म्हणणेंच नाहीं. गाणें हें विहिरीच्या पाण्यासारखें आहे. उपसल्यानें तें वाढतें. पण विहीर कोणीं खणली हें सांगावयास पैसा पडत नाहीं. दुसरा म्हणेल, लोकगीताला कर्ताच नसतो. हा मोठा सोयीचा सिद्धांत आहे! कर्ता नसतो असें नव्हे. त्याचें नांव लिहून ठेविलेलें नसतें. आणि बेवारस म्हटलेल्या जमिनीप्रमाणें बेवारस म्हटलेल्या गाण्यावरही पहिला खुंटा ठोकतो तो लिहितां येणारा. बहुतेक देशांच्या कायद्यानें जुन्या चालीला नवा साज चढविणारास त्या साजाचा हक्क मिळतो. ज्या म्हातारीनें ती चाल पन्नास वर्षें गळ्यांत सांभाळली तिच्या वाट्यास कांहीं येत नाहीं.

आतां घराकडे वळूं. आमच्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असे. चाल कोणत्या गाण्याची तें कळे. पण तें गाणें मुळांत कोणाच्या गळ्यांतलें, कोणत्या गांवचें, याचा पत्ता नसे. त्या चालींवर नटांचीं नांवें अजरामर झालीं. जिनें ती प्रथम म्हटली ती कोण होती, हें आज कोणीं सांगावें?

पण याच महाराष्ट्रांत बार्टोकच्या तोडीचें एक काम झालेलें आहे, आणि तें सांगतांना आम्हांस आनंद वाटतो. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ या दोघांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पुणें जिल्ह्याच्या मावळापासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गांवें, तीन हजारांहून अधिक बाया, आणि एक लाखाहून अधिक ओव्या! प्रत्येक ओवीपाशीं बाईचें नांव आणि गांव आहे. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेच्या संग्रहांत त्या आज मोबाइलवर सुद्धां वाचावयास व पुष्कळशा ऐकावयास मिळतात. जातें गेलें, गिरणी आली. पहांटे उठून मणभर दळण्याचे कष्ट गेले हें फार बरें झालें, त्याचे गोडवे गाण्यांत अर्थ नाहीं. पण त्या कष्टांत बाईनें जें बोलून ठेविलें तें तिच्या नांवानें राहिलें, हा न्याय झाला.

म्हणून आमच्या वाचकांस आमचें सांगणें असें. तुमच्या घरांत, भावकींत, आळींत जीं म्हातारीं माणसें आहेत, त्यांच्या ओव्या, मोटेवरचीं गाणीं, भलरी, पाळणे, लग्नांतलीं गाणीं आजच टिपून घ्या. बार्टोकला मेणाच्या नळ्या वाहाव्या लागल्या. तुमच्या खिशांत त्याहून चांगलें यंत्र आहे. मात्र नुसतें गाणें टिपूं नका. गाणारीचें नांव, वय, सासर, माहेर, ती कोणतें काम करतांना हें गात असे, व कोणाकडून शिकली, हें तिच्याच तोंडून वदवून घ्या. शब्द गाळूं नका. लाजिरवाणे वाटले तरी गाळूं नका, गाऱ्हाणें असलें तर मुळींच गाळूं नका. गांवच्या वाजंत्र्यांसही विसरूं नका. लग्नांत ज्याच्या सनईवर तुम्ही नाचलांत त्याचें नांव तुम्हांस ठाऊक आहे काय, हें एकदां स्वतःस विचारून पाहा. आणि उद्यां कोणी मोठा संगीतकार तुमच्या दारीं चाल मागावयास आला, तर ती खुशाल द्या, प्रेमानें द्या. फक्त त्याला सांगा कीं, बाबा, अंगरखा शिव, टांके तुझेच राहूं दे, पण कापड कोणत्या घरचें आहे तें वर लिही.